'मुलगा शांत आहे': एका लांबलेल्या लग्नाचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रसाद मानसिक तपासणीसाठी आमच्याकडे आला तेव्हा ३१ वर्षांचा होता. शाळा सांगलीत, इंजिनिअरिंग पुण्यात, मग हिंजवडीतल्या एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेक-यंत्रणेचं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम. वडील बँकेतून निवृत्त झालेले, आई माध्यमिक शाळेत शिक्षिका होत्या. धाकटी बहीण मृणाल लग्न होऊन ठाण्यात. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मजकूर प्रसादने आणि मृणालने वाचला आहे.)

घरात त्याच्याबद्दल एक वाक्य ठरलेलं होतं: मुलगा शांत आहे. लग्नकार्यात तो मांडवात न थांबता गाडीत जाऊन बसायचा. दहावीपर्यंत डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, दुसरं काही नाही. २००५ च्या पुरापासून सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी तो दर पावसाळ्यात वहीत नोंदवत आला, आणि त्या विषयावर बोलायला मिळालं तर तासभर थांबत नसे. हे सगळं 'स्वभाव' ह्या सदरात जमा झालं. मार्क चांगले होते, कुणाच्या अध्यात-मध्यात नव्हता, त्यामुळे कुणाला काही शोधावंसं वाटलं नाही.

सत्ताविसाव्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात झाली. वधूवर सूचक मंडळात नाव घातलं, दोन संकेतस्थळांवरही. बायोडेटा वडिलांनी लिहिला. 'शांत, निर्व्यसनी, एकुलता एक मुलगा.' अपेक्षांच्या रकान्यात: नोकरी करणारी, गृहकृत्यदक्ष, एकत्र कुटुंबाची आवड असलेली.

अडचण

चार वर्षांत वीस-बावीस स्थळं झाली. काही पत्रिकेवरून गेली, बाकीची भेटीनंतर. प्रसादच्या वडिलांचं लग्न १९८८ सालचं. तेव्हा मुलाला बोलावंच लागत नसे. मामा, आत्या, मध्यस्थ सगळं बोलून घेत. मुलगा पोह्यांच्या बशीकडे बघत बसला तर ते संस्कारी असण्याचं लक्षण धरलं जाई. प्रसादच्या वाट्याला आलेली पद्धत वेगळी होती. आधी व्हिडिओ कॉल, मग दोघांनीच कॅफेत भेटायचं, आणि प्रश्न मुलीही विचारणार. एकीने विचारलं, "लग्नानंतर स्वयंपाक कोण करणार?" तो खरं तेच बोलला: "आई." ती हसली. आपण विनोदी बोललो आणि तिला ते आवडलं, अशी त्याने समजूत करून घेतली आणि घरी तसं सांगितलंही. नकार मध्यस्थामार्फत आला.

आपल्याकडे नकार सरळ देत नाहीत. 'घरी बोलून कळवते' एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याने काय ते समजायचं. प्रसाद कळवण्याची वाट बघायचा. एका मुलीला त्याने दोन आठवड्यांनी ईमेल केला: निर्णय प्रलंबित आहे का, आणि नकार असल्यास कारणं क्रमवार द्यावीत, म्हणजे सुधारणा करता येईल. त्यात उपरोध नव्हता. ऑफिसात चुका तो अशाच सोडवायचा.

मग ऑफिसातली घटना घडली. एका सहकारी मुलीशी त्याची कामानिमित्त ओळख झाली, दोनदा कॉफी झाली. त्याने शनिवारी भेटू का विचारलं. ती म्हणाली, "ह्या शनिवारी नाही रे जमणार." त्याने पुढच्या शनिवारचं विचारलं. मग त्याच्या पुढच्या. मधल्या काळात रोज मेसेज. तिची बस किती वाजता सुटते हे माहीत असल्याने तो थांब्यावर उभा राहू लागला. तिच्या टीमलीडने त्याला एकदा बाजूला घेऊन "जरा सांभाळून" एवढं सांगितलं. काय सांभाळायचं, हे सांगितलं नाही. महिन्याभरात तिने कंपनीतल्या, लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार केली.

ह्याच सुमारास तो रात्री उशिरापर्यंत व्हिडिओ बघू लागला होता. मुली बिघडल्या, त्यांना फक्त पॅकेज आणि उंची हवी, कायदे सगळे त्यांच्या बाजूचे, असं सांगणारे. त्यातले आकडे, आलेख, 'नियम' त्याला पटत होते. गेल्या चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याला सलग, स्पष्ट वाक्यांत सांगत होतं की काय चाललंय. आईने तक्रारीचं पत्र बघितलं आणि त्याला घेऊन आल्या.

तपासणीत काय निघालं

आईंचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, ह्याला डिप्रेशन आहे का?" थोडं होतं. पण बालपणाचा इतिहास, शाळेतले शेरे, प्रत्यक्ष निरीक्षणाची प्रमाणित चाचणी आणि मानसोपचारतज्ज्ञांची मुलाखत मिळून निदान झालं ते ऑटिझमचं (संवाद, सामाजिक इशारे आणि संवेदना जन्मापासून वेगळ्या तऱ्हेने हाताळणारी मेंदूची जडणघडण), बौद्धिक अडचण नसलेलं. २०१३ साली निदानाची वर्गवारी बदलली, त्याआधी ह्याला बहुधा 'ॲस्पर्गर' म्हटलं असतं.

ऑटिझम म्हणजे न बोलणारं लहान मूल, हे चित्र आपल्याकडे इतकं पक्कं आहे की पगार मिळवणारा माणूस त्यात बसत नाही. प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी भारतीय मापनश्रेणीसुद्धा मुख्यतः दिसणाऱ्या वागण्यावर चालते. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० च्या खाली बेरीज आली तर ऑटिझम नाही. तिशीपर्यंत वागणं घोटून घेतलेल्या माणसाची बेरीज तिथे सहज कमी येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, पण लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. प्रसादने प्रमाणपत्राच्या मागे लागायचं नाही, असं ठरवलं. त्याला त्याची गरज नव्हती, त्यामुळे तो विषय तिथेच थांबला.

वडील निदानाच्या बैठकीला आले नाहीत. आईंनी अहवाल शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "हे सगळं ह्यांच्यातही आहे." मग बराच वेळ त्या स्वतःबद्दल बोलत राहिल्या. लग्नपत्रिका आली की आहेर त्या ठरवायच्या, पाहुण्यांशी त्या बोलायच्या, नवऱ्याच्या वतीने माफी त्या मागायच्या, दिवाळीला कुणाला फोन करायचा हे त्या आठवण करून द्यायच्या. त्यांनी पस्तीस वर्षं घरात दुभाषाचं काम केलं होतं, आणि शाळेची नोकरी करून.

माझ्या मते ह्या प्रकरणाची गाठ इथे आहे. प्रसादला वाटत होतं की मुली बदलल्यामुळे त्याचं लग्न अडलं. ते अर्धं खरं आहे. त्याच्यासारखे पुरुष पूर्वीही होते, त्यांची लग्नं होत होती, आणि संसार 'व्यवस्थित' चालत होते, कारण ते चालवण्याचं अदृश्य काम एका बाईने आयुष्यभर विनातक्रार करायचं असा करार त्यात गृहीत धरलेला होता. हा करार आता लग्नाआधी वाचून बघितला जातो.

समोर असलेले पर्याय

तीन गोष्टी एकाच वेळी ठरवायच्या होत्या.

समितीची सुनावणी आधी. वकिलाने सुचवलं की निदानाचा अहवाल बचाव म्हणून द्यावा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात नकोसं, म्हणजे समोरच्या स्त्रीला नको असलेलं वर्तन हा निकष आहे. करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता एवढ्याने ते हवंसं होत नाही. अहवाल पुढे केला तर 'ऑटिझम असलेले पुरुष असेच' हा समज पक्का होणार होता, आणि तिला वाटलेली भीती एका वैद्यकीय कागदाखाली दाबली जाणार होती. प्रसादची इच्छा तिसरीच होती. त्याला तिला सविस्तर पत्र लिहून सगळं समजावायचं होतं. चार पानी मसुदा तयारही होता.

दुसरा प्रश्न स्थळांचा. आई-वडिलांचं म्हणणं, शोध चालू ठेवू आणि निदान कुणाला सांगायचं नाही. लग्न झालं की होईल नीट. थांबायचं तर वय वाढतंय. सांगायचं तर कधी? बायोडेटात, पहिल्या भेटीत, की ओळख झाल्यावर?

तिसरा प्रश्न शिकवायचं काय. नजर भिडवणं, हवापाण्याच्या गप्पा, हसण्याची वेळ, हे घोकून घेता येतं. काही ठिकाणी तेच करतात. पण पाठ केलेलं वागणं थकवतं आणि घरात चोवीस तास टिकत नाही. लग्न त्याच्या भरवशावर झालं तर समोरच्या व्यक्तीची फसगतच होते. दुसरीकडे, 'मी असाच आहे, जगाने समजून घ्यावं' हे म्हणायला सोपं आहे. डेमियन मिल्टन ह्या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली मांडलं की समजण्यातली दरी दोन्ही बाजूंनी असते, ऑटिस्टिक नसलेल्यांनाही ऑटिस्टिक माणूस वाचता येत नाही. मला ते मान्य आहे. फक्त बसथांब्यावर घाबरलेल्या मुलीला ते ऐकवण्यात अर्थ नसतो.

काय केलं

पत्र पाठवलं नाही. तिला लिहिलेला आणखी एक खुलासा म्हणजे आणखी एक मेसेज, हे प्रसादला पटायला दोन बैठका लागल्या. त्याऐवजी समितीच्या नावे दहा ओळी: काय केलं, ते थांबवलं आहे, पुन्हा होणार नाही. निदानाचा उल्लेख नाही. कायद्यात समेटाची वाट तक्रारदार स्त्रीने मागितली तरच उघडते. तिने ती मागितली. तिच्या अटी अशा: कामाबाहेर संपर्क नको, बसायची जागा दुसऱ्या मजल्यावर, बसची वेळ वेगळी. त्याने तिन्ही मान्य केल्या आणि काटेकोर पाळल्या. स्पष्ट नियम पाळणं त्याला कधीच अवघड नव्हतं.

खरं काम नंतर झालं, त्या मेसेजच्या यादीवर. ती आम्ही छापून टेबलावर ठेवली आणि त्याला सांगितलं, हा एका यंत्रणेचा लॉग आहे असं समज. त्याने दोन रकाने केले: तिच्या उत्तरातले शब्द आणि उत्तराला लागलेला वेळ. सुरुवातीला दहा-बारा शब्द, काही मिनिटांत. मग चार शब्द, काही तासांनी. मग नुसता अंगठा. मग काहीच नाही, आणि त्याच्या बाजूने ओळीने सोळा मेसेज. तो बराच वेळ कागद बघत होता. म्हणाला, "हे डेटात दिसतंय. मग मला तेव्हा का दिसलं नाही?" ह्याचं उत्तर काही प्रमाणात ऑटिझममध्ये आहे. काही प्रमाणात ते ह्यात आहे की मुलीच्या गप्प बसण्याचा अर्थ 'अजून प्रयत्न कर' असा घ्यायला आपल्याकडचा प्रत्येक मुलगा शिकतो, आणि प्रसाद शिकलेली गोष्ट शब्दशः अमलात आणतो. त्याच्यासाठी एक नियम ठरला. एकदा विचारायचं, स्पष्ट 'हो' आलं नाही तर ते 'नाही' समजायचं आणि पुन्हा विचारायचं नाही. स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवल्यावरही वारंवार संपर्क साधणं हा २०१३ पासून पाठलागाचा गुन्हा आहे, आणि तो त्याच्या काठावर जाऊन आला होता, हेही त्याला न लपवता सांगितलं.

व्हिडिओंबद्दल वाद घातला नाही. त्यातलं एकेक विधान घेऊन तपासलं, कारण तपासणं त्याचा पेशा. लग्नाला मुली मिळत नाहीत ही ओरड खोटी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते. पण त्यांची एक मागणी होती गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा नीट राबवा. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४. न जन्मलेल्या मुलींचा दोष जन्मलेल्या मुलींच्या अपेक्षांवर टाकणारा व्हिडिओ गणितातच चुकतो, असं तो स्वतः म्हणाला. बघणं एकदम बंद झालं नाही. हळूहळू त्याला ते कंटाळवाणे वाटू लागले.

स्थळं सहा महिने थांबवली. ह्यावर घरात मोठं भांडण झालं. त्याहून मोठं भांडण तो वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला त्यावरून. हेतू साधा होता: घर चालवायला काय लागतं हे कळल्याशिवाय 'गृहकृत्यदक्ष' हा शब्द त्याने लिहू नये. कुकरची शिट्टी त्याला खरोखर असह्य होते, म्हणून भाताचं विजेचं भांडं आणि इंडक्शन आलं. भांडी घासताना हातमोजे. पहिल्या महिन्यात डबा बाहेरचा, चौथ्या महिन्यात आमटी-भात रोज आणि रविवारी पोळ्यांचा प्रयत्न. स्वयंपाक न येणं ऑटिझममुळे किती आणि मुलगा म्हणून वाढवल्यामुळे किती, हे तिथे वेगळं करून बघता आलं. शिट्टी ऑटिझमची. बाकी बहुतेक सगळं दुसऱ्या खात्यातलं.

ते खातं मृणालने उघडून दाखवलं. एका बैठकीला ती ठाण्याहून आली. तिलाही गर्दी सोसत नाही, तिलाही फोनवर बोलायचं तर आधी वाक्यं लिहून काढावी लागतात. पण पाहुणे आले की चहाचा ट्रे तिच्या हातात असायचा. गाडीत जाऊन बसण्याची सोय तिला नव्हती. "दादा बोलला नाही तर शांत. मी बोलले नाही तर उद्धट," ती म्हणाली. बाकी मुली कशा हसतात ते बघून तिने हसणं शिकून घेतलं. मुलींमधला ऑटिझम लक्षात न येण्याचं हे एक ठळक कारण. लिओ कॅनर ह्या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ साली वर्णन केलेल्या ऑटिझमच्या ११ मुलांत ८ मुलगे होते. चार मुलग्यांमागे एक मुलगी हे प्रमाण पुढे अनेक वर्षं सांगितलं गेलं. २०१७ मधल्या एका मोठ्या विश्लेषणात ते तिनाला एकच्या जवळ आलं, आणि मुलींची निदानं हुकतात हे त्यात नोंदवलं गेलं.

निदान सांगण्याबाबत दोन टोकं टाळली. बायोडेटात नाही, कारण तिथे तो एकच शब्द उरतो. लपवायचंही नाही. नैतिक कारण उघड आहे, कायद्याचंही आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून मिळवलेल्या संमतीवरचा विवाह रद्द करून मागता येतो. ऑटिझम त्यात बसतो की नाही हे न्यायालय ठरवेल, पण संसाराची सुरुवात त्या प्रश्नाने व्हावी असं कुणाला वाटेल? ठरलं असं: तिसऱ्या भेटीपर्यंत, घरच्यांनी पुढची बोलणी करण्याआधी, प्रसादने स्वतः सांगायचं. त्याने एक पान लिहिलं. गोंगाटात मला ऐकू येतं पण समजत नाही. चेहऱ्यावरून राग ओळखता येत नाही, सांगितला तर कळतो. ठरलेलं बदललं तर तासभर द्या. मी खोटं बोलत नाही, पण कधीकधी खरं वाईट वेळी बोलतो. पुढे तो घरात काय काय करतो त्याची यादी.

परिणाम

दोघींनी ते पान वाचून नकार दिला. त्यातल्या एकीच्या वडिलांनी मंडळात फोन केला आणि पंधरा दिवसांत मंडळाकडून स्थळं येणं बंद झालं. खरं सांगण्याची ही किंमत असते, आणि कुटुंबांना हा सल्ला देताना ती आधी सांगायला हवी. आईंना त्या काळात रात्री झोप लागत नव्हती. वडील म्हणाले, "बघा, मी सांगत होतो."

तिसरी मुलगी फिजिओथेरपिस्ट होती, तेहतीस वर्षांची, आधीच्या लग्नातून बाहेर पडलेली. पान वाचून ती म्हणाली, असा कागद पहिल्या नवऱ्याने दिला असता तर बरं झालं असतं. ते पाच महिने भेटत राहिले. तो तिच्या सोसायटीतल्या जिन्यांचा उतार मोजून द्यायचा, कारण तिच्या पेशंटना त्याचा उपयोग होता. ती त्याच्याबरोबर सकाळी सात वाजता, गर्दी नसताना नाश्त्याला जायची. रोज रात्री नऊला तो तिला 'दिवस कसा गेला' विचारायचा. एकदा त्याच्या फोनवर नऊची आठवण वाजली आणि तिला कळलं. सुरुवातीला तिला त्याचं कौतुक वाटलं. दोन महिन्यांनी तिने सरळ सांगितलं: तू मनापासून करतोस हे मला दिसतं, पण गजर न लावता कुणी विचारावं असं मला वाटतं, आणि ते तुझ्याकडून मागणं बरोबर नाही. आपण थांबू.

त्याने "समजलं. सांगितल्याबद्दल आभार" एवढा मेसेज केला. त्यानंतर एकही नाही. पुढचे काही आठवडे तो फार खचलेला होता. औषधाची मात्रा थोडी वाढवावी लागली. पण ह्या वेळी दोष द्यायला त्याने कुणी शोधलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तिला हवं ते चुकीचं नव्हतं. मी देतो ते पण चुकीचं नव्हतं. जुळलं नाही."

लग्न झालेलं नाही. शुक्रवारी तो एका बोर्डगेम खेळणाऱ्या गटात जातो. तिथे बायका-पुरुष दोन्ही आहेत आणि नियम छापलेले असतात. वाकडचा फ्लॅट त्याने सोडलेला नाही. बायोडेटा आता त्याने स्वतः लिहिला आहे आणि अपेक्षांच्या रकान्यातला 'गृहकृत्यदक्ष' काढला. 'शांत' हा शब्द वडिलांच्या आग्रहाने राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

टीमलीडचं "जरा सांभाळून" हे पहिलं हुकलेलं वळण. "तिला तुझ्याशी कामाबाहेर बोलायचं नाही, आजपासून मेसेज करू नकोस" एवढं वाक्य त्या दिवशी कुणी बोललं असतं तर त्या मुलीचे पुढचे तीन आठवडे वाचले असते. ऑफिसातल्या वार्षिक प्रशिक्षणात कायद्याची कलमं सांगतात. नकार कसा दिसतो हे सांगत नाहीत. ते ऑटिस्टिक नसलेल्यांच्याही उपयोगाचं आहे. टाळाटाळीतला नकार सोयीस्करपणे न समजणारे पुरुष सगळे काही ऑटिस्टिक नसतात, आणि त्यांच्याकडे निदानाची सबबही नाही.

घराबाहेर राहण्याचा निर्णय कॉलेजच्या वयात झाला असता तर तो प्रयोग न वाटता सवय झाली असती. स्थळं बघायला लागण्याआधी तपासणी झाली असती तर चार वर्षांतले वीस नकार वेगळ्या नजरेने वाचता आले असते. वडिलांना बैठकीत आणण्यासाठी 'तपासणी' ह्या नावाऐवजी दुसरं निमित्त चाललं असतं का, ह्यावर आमच्या चमूत दोन मतं आहेत. माझ्या मते ते आले नसते. आईंच्या मते पाणीपातळीच्या वह्या दाखवायला बोलावलं असतं तर आले असते, कारण २००५ ची पहिली वही त्यांनीच आखून दिली होती.

नऊच्या गजराबद्दलही आमच्यात चर्चा झाली. तो लपवून ठेवण्याऐवजी त्या पानावर लिहिला असता तर कदाचित तिने आधीच नकार दिला असता, कदाचित तो दोघांचा मिळून गजर झाला असता. त्या पानाच्या नव्या मसुद्यात तो आहे.

मृणालने स्वतःच्या तपासणीसाठी नाव नोंदवलं आहे. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मुलगी चार वर्षांची. सासरी अजून काही सांगितलेलं नाही. निदान झालंच तर आधी कुणाला सांगायचं, ह्यावर पुढची बैठक आहे. त्या बैठकीला तिला दादाला बरोबर आणायचं आहे, नवऱ्याला नंतर.